खानदेशातून दंडसर्पिल दीर्घिकेचा फोटो: एनजीसी १३६५ साठी टप्प्याटप्प्याने तयारी

एनजीसी १३६५ ही दीर्घिका जळगाव-धुळ्याच्या आकाशात २५ अंशांच्या वर असते ती एका रात्रीत फक्त ४ तास २० मिनिटं. त्याखाली हवेचा थर इतका जाड होतो की फोटोत धूसरपणाच जास्त उतरतो. नवखी मंडळी यातले तीन तास ध्रुव शोधण्यात, केबली सोडवण्यात आणि फोकस लावण्यात घालवतात. मग फोटो फिका येतो, आणि दोष दुर्बिणीच्या माथी मारून मोठी दुर्बीण घ्यायची बोलणी सुरू होतात. वेळ उघडण्याआधी सगळं लावून तयार असणं हे या कामातलं निम्म्याहून जास्त काम आहे. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

आधी दीर्घिकेविषयी थोडं. साध्या सर्पिल दीर्घिकेत भुजा थेट गाभ्यापासून निघतात. दंडसर्पिल दीर्घिकेत गाभ्यातून ताऱ्यांचा एक सरळ दांडा आरपार गेलेला असतो आणि भुजा त्या दांड्याच्या दोन टोकांपासून वळतात. आपली आकाशगंगाही याच जातीची आहे. एनजीसी १३६५ मध्ये हा दांडा साधारण पूर्व-पश्चिम पसरलेला आहे आणि इतका ठसठशीत आहे की पहिल्याच चांगल्या फ्रेममध्ये ओळखू येतो. अंतर साडेपाच ते सहा कोटी प्रकाशवर्षं, तेज सुमारे ९.५ प्रत (आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकी), आकाशातली लांबी ११ कला (६० कला म्हणजे एक अंश), म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त. जेम्स डनलॉपने ती १८२६ मध्ये नोंदवली.

१. ही दीर्घिका का, आणि कधी

परदेशी व्हिडिओ बघून लोक सप्तर्षीतल्या एम १०९ च्या मागे लागतात. ती वाईट नाही, पण लहान आहे. आपला अक्षांश २१ अंश. दक्षिणेकडचं जे आकाश युरोपातल्या छायाचित्रकाराला क्षितिजाला चिकटलेलं दिसतं किंवा दिसतच नाही, ते आपल्याला आरामात मिळतं. एनजीसी १३६५ ची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे (दक्षिणेला) ३६ अंश ८ कला आहे. म्हणजे जळगावातून ती मध्यमंडलावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) आली की ३३ अंश उंच असते. लंडनमधून हाच हिशेब केला तर उंची येते अडीच अंशांच्या आत. आपल्या हातात असलेला फायदा सोडून उत्तरेकडे कशाला बघायचं?

ती अश्मंत तारकासमूहात आहे. ॲपमध्ये हे नाव फॉर्नॅक्स असं दिसेल. मृग नक्षत्र पूर्वेला वर चढत असतं तेव्हा त्याच्या उजवीकडे, दक्षिणेच्या बऱ्याचशा रिकाम्या वाटणाऱ्या भागात. नुसत्या डोळ्यांनी तिथे काही दिसणार नाही, त्याची काळजी करू नका.

जळगावच्या रेखांशाला ती मध्यमंडलावर येण्याच्या वेळा साधारण अशा:

- १५ नोव्हेंबर: रात्री १२.३०. कामाची वेळ १०.१५ ते पहाटे २.४०.
- १५ डिसेंबर: रात्री १०.३०. कामाची वेळ ८.२० ते १२.४०.
- १५ जानेवारी: रात्री ८.३०. वेळ ६.२० ला सुरू होते, पण संधिप्रकाश जायला साडेसात वाजतात, म्हणून हातात जेमतेम तीन तास.

नंदुरबारला यात पाचेक मिनिटं मिळवा. दिवसागणिक ही वेळ ४ मिनिटांनी अलीकडे सरकते. कॅलेंडरात डिसेंबरातली अमावस्या बघा आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे पाच-पाच दिवस राखून ठेवा. नवख्यांसाठी डिसेंबरच उत्तम: अंधार लवकर पडतो, रात्री एकला आवरून घरी जाता येतं, आणि पावसाळ्याने धुतलेली हवा अजून बरी असते. जानेवारीच्या शेवटापासून शेतात पऱ्हाट्या पेटायला लागतात आणि तो धूर दक्षिणेच्या खालच्या आकाशात पातळ पडद्यासारखा पसरून बसतो.

२. जागा: गाव पाठीमागे ठेवा

इथे बहुतेकजण चुकतात, आणि चूक समजण्यासारखी आहे. खानदेशात अंधार म्हटलं की सातपुडा आठवतो. म्हणून जळगाव-भुसावळची मंडळी यावल, रावेर, पालच्या बाजूला निघतात. अंधार तिथे खरोखर चांगला आहे, पण दुर्बीण दक्षिणेकडे वळवली की समोर काय येतं? जळगाव, भुसावळ आणि दीपनगरचा उजेड. आपली दीर्घिका नेमकी त्याच बाजूला, त्या पिवळट फुगवट्याच्या वर.

दक्षिणेकडच्या लक्ष्यासाठी गाव तुमच्या उत्तरेला हवं. जळगावकरांनी जामनेर, पहूरच्या पुढे अजिंठ्याच्या रांगेकडे सरकावं. चाळीसगावकरांनी सातमाळ्याच्या पायथ्याकडचं एखादं शेत बघावं. समोर डोंगर येईल ही भीती नको. हात सरळ ताणून मूठ धरली तर ती साधारण १० अंश झाकते. आपल्याला अडीच मुठींच्या वरचंच आकाश वापरायचं आहे. म्हणजे दीड मूठ उंचीचा डोंगर अडथळा करत नाही, उलट पलीकडच्या गावांचे दिवे तो झाकून टाकतो. पाटणादेवीच्या परिसराचा मोह अनेकांना होतो, तो स्वाभाविक आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख तिथलाच. पण तो भाग गौताळा अभयारण्यात येतो, रात्री थांबायचं तर वन विभागाची परवानगी लागते, आणि दरीत डोंगर फार जवळ येतात. तेव्हा अभयारण्याबाहेरचं मोकळं शेत बरं.

नंदुरबारकरांकडे तोरणमाळ आहे. ११०० मीटरांहून जास्त उंची, खालच्या धुळीच्या थराच्या वर, आणि मोठी शहरं दूर. वारा मात्र असतो. यशवंत तलावाच्या काठावर मांडू नका, दव पडेल. साक्रीकडे जागा शोधताना पवनचक्क्यांवरचे लुकलुकणारे दिवे दक्षिणेला येत नाहीत ना, हे आदल्या संध्याकाळी बघून या.

उत्तरेला दोन मुठींवर ध्रुव दिसायला हवा. सातपुड्याच्या अगदी कुशीत गेलात तर २१ अंशांवरचा ध्रुव डोंगराआड जाऊ शकतो.

जागेबद्दल आणखी तीन गोष्टी. त्या रात्री शेजारच्या शेतात पाणी भरणं चालू आहे का, हे मालकाला विचारा. पाणी भरलेल्या गव्हा-हरभऱ्याच्या शेजारी किंवा केळीच्या बागेला लागून मांडलं तर नऊ वाजताच काचेवर दव येतं. दुसरं, घराच्या स्लॅबवर किंवा धाब्यावर मांडू नका. दिवसभर तापलेलं सिमेंट मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतं, तारे थरथरतात, आणि कोणी चाललं की फ्रेम हलते. तिसरं, मुरमाड कोरडी जमीन चांगली. काळ्या मातीत तिपाईचे पाय रात्रीतून खचतात, म्हणून प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा.

३. परवानग्या आणि सोबतचे कागद

अनोळखी माणसं रात्री शेतात लाल बॅटरी आणि तोफेसारखी नळी घेऊन उभी असतील तर गावाला शंका येणारच. संध्याकाळी शेतमालकासोबत जाऊन पोलीस पाटलांना सांगून या. जमल्यास गावातल्या पोरांना सात वाजता शनी किंवा कृत्तिका दाखवा, बाकीची रात्र निवांत जाते.

- शेतमालकाची परवानगी, फोनवर लेखी असली तरी चालेल
- वनक्षेत्र असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांची परवानगी, मूळ प्रत
- सगळ्यांचं आधार कार्ड
- दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या बिलांच्या प्रती, नाक्यावर गाडी तपासली तर उपयोगी

एकट्याने जाऊ नका. ऊस, केळी आणि डोंगरपायथा म्हणजे बिबट्याचा वावर. दोघं-तिघं असा, आणि एकाने अधूनमधून मोठी बॅटरी मागे फिरवावी, दुर्बिणीच्या दिशेने नव्हे.

४. सामान

क्रम लक्षात ठेवा: आधी माउंट (दुर्बीण धरून आकाशाबरोबर फिरवणारं यंत्र), मग कॅमेरा, शेवटी दुर्बीण. बहुतेक जण उलट्या क्रमाने खर्च करतात आणि भारी नळी डगमगत्या तिपाईवर बसवतात.

माउंट इक्वेटोरिअलच हवं, म्हणजे एक अक्ष ध्रुवाकडे रोखलेलं. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारं साधं गोटू माउंट तारा मध्यभागी धरून ठेवतं, पण फोटोतलं क्षेत्र हळूहळू गोल फिरतं आणि कडेचे तारे कमानीसारखे ताणले जातात. स्काय-वॉचर एचईक्यू-५ किंवा ईक्यू-६ आर या दर्जाचं माउंट पुरेसं. कंपनी वजनाची जी मर्यादा सांगते ती डोळ्यांनी बघण्यासाठी धरा. फोटोसाठी तिच्या निम्म्या ते दोन तृतीयांश वजनावर थांबा.

दुर्बीण १५० मिलिमीटर व्यासाची, एफ-५ (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) न्यूटोनियन, म्हणजे आरशांची, ७५० मिलिमीटर नाभीय अंतराची, नवख्यासाठी चांगली. २०० मिलिमीटरची, १००० नाभीय अंतराची जास्त तपशील देते, पण वाऱ्यात शिडासारखी डोलते. सोबत कोमा करेक्टर हे जोडभिंग लागतंच, नाहीतर कडेचे तारे धूमकेतूसारखे येतात.

कॅमेऱ्याचा मेळ बसतो का ते एका गुणाकाराने कळतं. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, नाभीय अंतराने भागा. ३.७६ मायक्रॉन आणि ७५० मिलिमीटर असेल तर एका पिक्सेलला १.०३ विकला (६० विकला म्हणजे एक कला). दीर्घिका ६६० विकलांची, म्हणजे फोटोत ती सुमारे ६४० पिक्सेल लांब येईल. दांडा, भुजा आणि भुजांतले धुळीचे पट्टे दिसायला एवढं पुरतं. ०.७ च्या खाली जाऊ नका, ३३ अंशांवरच्या थरथरत्या हवेत तो बारकावा मिळतच नाही. जुना डीएसएलआर असेल तर तोच वापरा. त्याच्या आतला फिल्टर लाल प्रकाश कापतो, त्यामुळे भुजांवरचे गुलाबी ठिपके फिके येतील, एवढंच.

५० मिलिमीटर व्यासाचे, २५० नाभीय अंतराचे छोटे स्मार्ट टेलिस्कोप हल्ली बरेच जण घेतात. त्यांच्या २.९ मायक्रॉनच्या सेन्सरवर ही दीर्घिका पावणेतीनशे पिक्सेलांची येते. दांडा आणि दोन भुजा कळतात. सुरुवात म्हणून हरकत नाही, फक्त इंग्रजी झेडसारखा छोटासा आकार मिळेल अशी अपेक्षा ठेवा.

बाकी यादी:

- गायडिंगसाठी (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहण्यासाठी) ५० मिलिमीटरची छोटी दुर्बीण आणि मोनो गाइड कॅमेरा
- विंडोज लॅपटॉप किंवा मिनी पीसी. त्यावर नीना (सगळी उपकरणं चालवायला), पीएचडी-२ (गायडिंगला) आणि ॲस्टॅप (ताऱ्यांवरून जागा ओळखायला), तिन्ही मोफत
- बाहतिनोव मास्क (फोकस लावायची फटींची जाळी), जाड पुठ्ठ्यातून कापलेला चालतो
- कोलिमेशनसाठी (आरसे एका रेषेत आणण्यासाठी) चेशायर किंवा लेझर
- दुय्यम आरशासाठी हीटरची पट्टी, आणि नळीच्या तोंडाला योगा मॅटचा दीड वीत लांब गळा
- बॅटरी, ॲलन कीचा संच, वेल्क्रो पट्ट्या, पांढरा सुती कपडा, डोक्याला लावायची लाल बॅटरी

बॅटरीचा हिशेब घरीच करा. माउंट दीड ॲम्पियर, थंड होणारा कॅमेरा दोन ते अडीच, मिनी पीसी दीड ते दोन, हीटर एक. सगळं मिळून ६ ते ७ ॲम्पियर. सात तासांचे सुमारे ४५ ॲम्पियर-तास. लिथियम फॉस्फेटची ६० ची बॅटरी पुरते. लेड ॲसिड असेल तर १०० ची घ्या आणि निम्मीच वापरा. ट्रॅक्टरची बॅटरी उपसून आणू नका. ती इंजिन चालू करायला एकदम जोर देण्यासाठी बनलेली असते, रात्रभर रिती केली की दोन-चार वेळांत बसते. शेतातल्या विजेवर तर अजिबात विसंबू नका, ती कधी येते आणि कधी जाते हे शेतकऱ्यालाच विचारा.

५. घरी, दिवसा करायची कामं

करेक्टरपासून सेन्सरपर्यंतचं अंतर बहुतेक करेक्टरांना ५५ मिलिमीटर लागतं. कॅननच्या ईएफ बॉडीत ४४ आणि टी-रिंग या जोडकडीत ११, असे ५५ आपोआप होतात. थंड होणाऱ्या कॅमेऱ्यात सेन्सर १७.५ मिलिमीटर आत असेल तर ३७.५ च्या कड्या घालाव्या लागतात. हे अंधारात शेतात करायचं काम नाही.

माउंटचा अक्षांश २१ वर आणा. कमी अक्षांशावर वजनाचा दांडा जवळजवळ सरळ खाली लोंबतो आणि काही माउंटांत वजनं तिपाईच्या उत्तरेकडच्या पायाला आपटतात. घरच्या अंगणात दोन्ही अक्ष पूर्ण फिरवून बघा. लागत असेल तर मधे जोडखांब घाला, किंवा माउंट परवानगी देत असेल तर दोन पाय उत्तरेला येतील अशी तिपाई फिरवा.

केबली वेल्क्रोने नळीला बांधा आणि एकाच जागेतून खाली सोडा. लोंबणारी केबल मध्यरात्री कशात तरी अडकते, आणि ती अडकण्याची वेळ नेमकी मध्यमंडल ओलांडण्याची असते. नीनामध्ये सगळी उपकरणं जोडून एकदा चालवून बघा. शेतात नेट नसेल हे धरून ॲस्टॅपचा ताऱ्यांचा साठा घरीच उतरवून ठेवा.

६. शेतावर: साडेचार ते आठ

वेळ डिसेंबरच्या मध्यासाठी दिली आहे.

साडेचारला पोहोचा. तिपाई पातळीत बसवा, नळी चढवा, झाकण काढून आरसा बाहेरच्या हवेला द्या. २०० मिलिमीटरच्या आरशाला निवायला पाऊण ते एक तास लागतो, आणि गाडीत तापलेला असेल तर जास्तच. उजेड आहे तोवर कोलिमेशन तपासा. घाटरस्त्यांवरून आलेली न्यूटोनियन जशीच्या तशी राहत नाही, प्रत्येक खेपेला तपासावीच लागते.

मग तोल. कॅमेरा, गाइड दुर्बीण, केबली, हीटर सगळं लावल्यावरच तोल साधा. आधी साधलेल्या तोलाला अर्थ नाही. पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा म्हणजे गिअरचे दात एका बाजूने टेकलेले राहतात आणि माउंट मागेपुढे खेळत नाही.

सूर्यास्त साधारण ५.५० ला. साडेसहाच्या सुमारास ध्रुव दिसू लागतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशापेक्षा थोडा कमी दूर आहे, म्हणून त्याला नुसतं मधोमध धरणं पुरत नाही. पोलर स्कोपातल्या (माउंटच्या अक्षातल्या छोट्या दुर्बिणीतल्या) वर्तुळावर ॲप दाखवेल त्या जागी तो आणा. त्याहून सोपं म्हणजे नीनातलं तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट. त्यात ध्रुव दिसण्याचीही गरज नसते. चूक एका कलेच्या आत आली की थांबा, शून्यामागे लागून अर्धा तास घालवू नका.

फोकस सातच्या पुढे, एखाद्या ठळक ताऱ्यावर, बाहतिनोव मास्क लावून. मधली रेघ दोन तिरप्या रेघांच्या बरोबर मध्ये आली पाहिजे. स्क्रू घट्ट करताना फोकस सरकतो, म्हणून घट्ट केल्यावर पुन्हा बघा. आणि मास्क काढा! हसू नका, अख्खी रात्र मास्क ठेवून फोटो काढणारे दरवर्षी निघतात.

सव्वासातला संधिप्रकाश पूर्ण जातो. पीएचडी-२ चं कॅलिब्रेशन दीर्घिकेवर करू नका. खगोलीय विषुववृत्ताजवळ, मध्यमंडलालगत, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून सुमारे ६९ अंश उंचीवर एखादा तारा निवडून करा. तिथे माउंटची हालचाल सर्वांत स्वच्छ मोजली जाते. तेच कॅलिब्रेशन मग खाली दीर्घिकेवर चालतं. गायडिंगचं एक्सपोजर २ ते ३ सेकंद ठेवा. त्याहून कमी केलं तर माउंट हवेच्या थरथरीच्या मागे धावत बसतं.

७. चार तास वीस मिनिटं

दीर्घिकेचा आकाशातला पत्ता: विषुवांश (आकाशातला रेखांश) ३ तास ३३.६ मिनिटे, क्रांती उणे ३६ अंश ८ कला. नीनाला हे आकडे द्या, ते फोटो काढून ॲस्टॅपकडून ताऱ्यांची ओळख पटवेल आणि दीर्घिका मध्यभागी आणेल. ३० सेकंदांची एक चाचणी फ्रेम काढा. मधोमध अंडाकृती डाग आणि त्याला आडवी फिकट पट्टी दिसली की जागा बरोबर. नाभीय अंतर ५०० च्या आसपास असेल तर चौकट ईशान्येकडे सरकवून पाहा. सव्वा अंशावर एनजीसी १३९९ आणि तिच्या शेजारी १४०४ आहेत, अश्मंत दीर्घिकासमूहाचा गाभा एकाच फोटोत येईल.

एक्सपोजर: एफ-५ आणि चांगला अंधार असेल तर १८० सेकंद, तालुक्याच्या गावाजवळ ६० ते ९०. आकडा पाठ करण्यापेक्षा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळपणाचा आलेख) बघा. उंचवटा डाव्या भिंतीपासून सुटलेला हवा, आणि एक तृतीयांशाच्या पुढे गेलेला नको. डीएसएलआरला आयएसओ ८००. ३.७६ मायक्रॉनच्या एपीएस-सी थंड कॅमेऱ्यांत बहुधा गेन (त्यांचा आयएसओ) १००, कारण तिथून पुढे त्यांचा रीड नॉइज, म्हणजे सेन्सर वाचतानाचा गोंगाट, एकदम कमी होतो. तापमान उणे १०. फाइल नेहमी रॉ किंवा फिट्स, जेपीईजी नाही.

दर तीन फ्रेमनंतर डिदरिंग चालू ठेवा, म्हणजे चौकट दहा-पंधरा पिक्सेल इकडेतिकडे सरकवायची. ती सरकवली नाही तर सेन्सरवरचे ठरावीक ठिपके स्टॅकमध्ये (सगळ्या फ्रेम एकत्र केलेल्या चित्रात) पावसाच्या तिरक्या रेघांसारखे उमटतात. हे नंतर निघत नाही. डीएसएलआरवाल्यांना याचा सर्वांत जास्त फटका बसतो.

साडेदहाला दीर्घिका मध्यमंडल ओलांडते. इथे माउंटला नळी दुसऱ्या बाजूला न्यावी लागते (यालाच फ्लिप म्हणतात), नाहीतर कॅमेरा तिपाईला धडकू शकतो. नीना हे आपोआप करतं, तरी शेजारी उभे राहा, एक हात केबलीजवळ आणि एक बॅटरीच्या स्विचजवळ. फ्लिपनंतर चित्र १८० अंशांनी उलटं येईल, सॉफ्टवेअर ते नंतर जुळवतं. त्याच वेळी फोकस पुन्हा तपासा. डिसेंबरात सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत पारा दहाएक अंश उतरू शकतो, धातूची नळी आकसते आणि फोकस सरकतो. एरवीही दर ५ अंशांना एकदा बघावा.

दर अर्ध्या तासाने आरशाकडे लाल बॅटरीने तिरकं बघा. ताऱ्यांभोवती प्रभा दिसायला लागली की दव आलंच म्हणून समजा. हीटर आधीपासून मंद चालू ठेवला तर ही वेळ येत नाही. ओला झालेला आरसा पुसायचा तर कधीच नाही.

फ्लिप, फोकस, डिदर यांत वेळ जाऊन हातात खरे साडेतीन तास उरतात. म्हणजे १८० सेकंदांच्या ७० फ्रेम. एका रात्रीत दांडा आणि भुजांचा मुख्य भाग येईल. भुजांची बाहेरची फिकी टोकं हवी असतील तर तीन रात्री, मिळून दहा तास. गोंगाट निम्मा करायला वेळ चौपट लागतो, त्यामुळे चौथ्या-पाचव्या रात्रीचा फायदा डोळ्यांना फारसा जाणवत नाही.

८. निघण्यापूर्वी: डार्क आणि फ्लॅट

झोप अनावर झालेली असते आणि हे काम उद्यावर ढकललं जातं. उद्यावर ढकलण्यासारखं त्यातलं फक्त डार्क आहे, तेही थंड होणारा कॅमेरा असेल तरच.

फ्लॅट, म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, तिथेच काढा. कॅमेरा न काढता, न फिरवता, फोकसला हात न लावता. नळीच्या तोंडावर पांढरा कपडा सुरकुत्या न ठेवता ताणा, त्यावर एकसारखा उजेड धरा, हिस्टोग्राम मधोमध येईल एवढं एक्सपोजर ठेवून ३० फ्रेम घ्या. मग झाकण लावून त्याच एक्सपोजरच्या आणखी ३०. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ सेन्सरच्या काचेवर बसतेच. तिचे गोल काळे डाग आणि कडेचा अंधार फ्लॅटनेच जातो. ही धूळ शेतात फुंकर मारून काढायचा प्रयत्न केला की एकाच्या दहा होतात.

डार्क म्हणजे झाकण लावून, फोटोइतक्याच वेळाच्या आणि त्याच आयएसओच्या २० ते ३० फ्रेम. डीएसएलआरचं तापमान हवेबरोबर बदलतं, म्हणून त्याचे डार्क त्याच रात्री, सामान आवरता आवरता घ्या.

९. जुळवणी

सिरिल हे जुळवणीचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि पुरेसं आहे. क्रम असा: फ्लॅट व डार्क लावून कॅलिब्रेशन, रंगात रूपांतर, ताऱ्यांवरून जुळणी, मग सिग्मा रिजेक्शनसह (फटकून असलेले पिक्सेल गाळून) स्टॅकिंग. जुळणीनंतर आलेखात ज्या फ्रेमचे तारे फुगलेले किंवा लांबट असतील त्या काढून टाका. सत्तरमधल्या दहा गेल्या तरी दुःख करू नका, त्या दहा ठेवल्या तर बाकीच्या साठ बिघडतात.

स्टॅक झाल्यावर, चित्र ताणण्याआधी, पार्श्वभूमीचा उतार काढा. खालच्या बाजूला दक्षिणेकडच्या गावांचा उजेड असतोच. नमुन्याचे ठिपके दीर्घिकेपासून दूर ठेवा, नाहीतर बाहेरची भुजाच पार्श्वभूमी समजून वजा होते. त्यानंतर ताऱ्यांच्या नोंदींवरून रंगजुळणी करा, ती डोळ्यांनी करू नका. ३३ अंशांवर प्रकाश जवळजवळ पावणेदोन ते दोन पट हवेतून येतो, निळा जास्त गळतो आणि दीर्घिका तांबूस दिसते. याच कारणाने ताऱ्यांच्या एका कडेला निळी आणि दुसऱ्या कडेला लाल झाक येऊ शकते. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही थर वेगळे करून एकमेकांवर पुन्हा जुळवले की ती जाते.

ताणताना गाभा पांढरा फटक होऊ देऊ नका, दांडा गाभ्याला कुठे मिळतो ते दिसलं पाहिजे. आणि आकाश कोळशासारखं काळं करण्याचा मोह आवरा. खरं आकाश गडद राखाडी असतं, त्याला काळं केलं की तुम्ही तीन रात्री जागून गोळा केलेली भुजांची टोकं त्यातच बुडतात.

१०. फोटो बिघडला तर

- सगळे तारे एकाच दिशेने लांबट: तोल, गायडिंग किंवा वारा. गाइड दुर्बिणीचा स्क्रू सैल असेल तर आलेख सुंदर दिसतो आणि फोटो तरी खराब येतो. आधी तो बघा.
- फक्त कोपऱ्यांतले तारे ताणलेले: ५५ मिलिमीटरचं अंतर चुकलं. एकाच कोपऱ्यात असेल तर कॅमेरा तिरका बसला आहे.
- पहिल्या तासाच्या फ्रेम मऊ, नंतरच्या चांगल्या: आरसा निवला नव्हता.
- फ्लॅट लावल्यावर डाग गडद किंवा उलटे: फ्लॅटआधी कॅमेरा फिरला.
- मध्यमंडलानंतर गायडिंग उधळलं: पीएचडी-२ ला माउंटची दुसरी बाजू कळलेली नाही. माउंट एएससीओएममधून (उपकरणं जोडणाऱ्या ड्रायव्हरमधून) जोडलं आहे का ते तपासा.

११. मार्च ते मे

अश्मंत मावळला की वासुकीतली एम ८३ घ्या. क्रांती उणे ३० अंशांच्या आसपास, म्हणजे इथून ३९ अंश उंच. तेज साडेसात प्रत, लांबी जवळजवळ १३ कला, अंतर दीड कोटी प्रकाशवर्षं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लकायने ती १७५२ मध्ये केप ऑफ गुड होपहून पाहिली. दांडा एनजीसी १३६५ इतका सरळसोट नाही, पण भुजांवरचे गुलाबी ठिपके भरपूर. एप्रिलच्या मध्यात ती मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासाने मध्यमंडलावर येते. फक्त तापमानाचा आकडा बदला. एप्रिलमध्ये रात्री नऊलाही हवा तिशीच्या वर असते, आणि बहुतेक थंड कॅमेरे हवेपेक्षा ३५ अंशच खाली जातात. उणे १० मागितलं तर कॅमेरा पूर्ण ताकदीवर चालत बॅटरी पिऊन टाकेल आणि तापमान तरी स्थिर राहणार नाही. शून्यावर ठेवा, आणि त्या तापमानाचे डार्क वेगळे काढा.